गिरणीतला सूर

पोलादपूरच्या बाजारपेठेत त्या दिवशी विनोदिनी सलाईनच्या रिकाम्या बाटल्या मागत हिंडत होती. काचेच्या, रबरी बुचाच्या. दवाखान्यातल्या कंपाउंडरने चार-पाच काढून दिल्या आणि वर विचारलं, "रॉकेल भरायला हव्यात का, बाई?" ती म्हणाली, पाणी भरणार आणि पेशंटना बुडबुडे काढायला देणार. कंपाउंडर सभ्य माणूस, तोंडावर हसला नाही. पण बाई पायऱ्या उतरून गेल्यावर तो जो हसला, तो म्हणे समोरच्या चहावाल्यापर्यंत ऐकू गेला. हसू दे बापड्याला. त्या साली हसण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

साल अठ्ठ्याहत्तर. पाऊस सरत आला होता आणि सर्दीतापाची जगभर फिरून आलेली साथ आपल्या डोंगरातही शिरली होती. रेडिओवर तिला कसलंसं परदेशी नाव होतं, आपल्याकडे नुसता 'ताप' म्हणायचे. आणि ताप तरी कसा उफराटा बघा! म्हातारेकोतारे सोडायचा आणि तरण्याताठ्यांना धरायचा. आज्या धडधाकट, नातू अंथरुणावर. ज्यांच्या छातीत उतरला त्यातले काही गेले. जे वाचले त्यांचा ताप उतरायचा, पण दम काही परत यायचा नाही. चार पावलं टाकली की भिंत धरायची आणि माशासारखं तोंड उघडं टाकून उभं राहायचं. अशा माणसाला शेतावर कोण नेणार आणि घरी तरी किती दिवस निजवणार?

महाडच्या एका व्यापाऱ्याची भातगिरणी कशेडी घाटाच्या रस्त्याला बंद पडून होती. तीच झाडून धुऊन तिथे या लोकांसाठी खाटा टाकल्या होत्या. कितीही फिनेल ओता, भिंतींना कोंड्याचा वास होताच. डॉक्टर महाडहून अधूनमधून यायचे. रोजचं सगळं विनोदिनीवर आणि मदतीला चंपाबाई नावाची आया. विनोदिनी महाडची, चवदार तळ्याजवळच्या आळीतल्या वकिलांची मुलगी, मुंबईला फिजिओथेरपी शिकून आलेली. आता हा शब्द इकडे कोणाच्या जिभेवर वळायचा? लोकांनी तिचं नाव ठेवलं 'ठोकेवाली बाय'.

कारण तिचं कामच तसं होतं. खाटेचा पायथा विटांवर चढवायचा, माणसाला पालथं घालायचं आणि हाताची ओंजळ करून त्याच्या पाठीवर ठोके द्यायचे. ठप, ठप, ठप. आतला कफ सुटला की मग खोकला, मग वाफ, मग भिंतीला धरून चालणं. आणि शेवटी ती बाटली. बाटलीत अर्धं पाणी, पाण्यात बुडवलेली रबरी नळी, नळीत फुंकायचं. जेवढा वेळ बुडबुडे, तेवढा दम. चंपाबाई म्हणायची, "घरी आईच्या हातचे धपाटे चुकवलेनी, म्हणून इथं खायला आलेत सगळे." खोकत खोकत का होईना, लोक हसायचे.

दुपारी घाटावरून धुकं उतरायचं. ते खिडकीतून सरळ आत यायचं आणि खाटांच्या मधून हिंडायचं. जेवणं झालेली असायची, कोणी पुरतं जागं नाही, कोणी पुरतं झोपलेलं नाही. बाहेर एखादा ट्रक घाट चढताना कण्हायचा. विनोदिनीला त्या वेळी वाटायचं की आपणच कोणाच्या तरी झोपेत काम करतोय. तिला ती वेळ आवडायची, खरं सांगायचं तर.

या सगळ्यांत गप्प माणूस एकच, हैबती. विशीबाविशीचा. उमरठच्या बाजूच्या एका वाडीतला. तो आणि त्याचा थोरला भाऊ चांगू सनई वाजवायचे. गणपतीत दोघे खेडला वाजवायला गेले आणि येताना दोघेही तापाने फणफणले. एका ट्रकवाल्याने दया येऊन त्यांना मागे ताडपत्रीखाली घेतलं. नशीब बघा, नेमकी कशेडीत दरड आली. ट्रक घाटातच अडकून पडला. दरड उपसून तो खाली उतरला तेव्हा हैबतीला शुद्ध नव्हती आणि त्याच्याशेजारी चांगू केव्हाच गेलेला होता. वाडीचा रस्ता पाण्याखाली. लोकांनीच घाटाच्या पायथ्याला ओढ्याकाठी चांगूला अग्नी दिला. त्यांची आई राहीबाई डोंगर तुडवत पोचली तेव्हा राखसुद्धा पावसाने धुऊन नेली होती. थोरल्याचं तोंड काही तिला दिसलं नाही.

राहीबाई रडली नाही. गिरणीच्या दारात तिने विनोदिनीला अडवलं.

"बाय, हैबतीला सांगू नको हां. चांगू बरा होऊन घरी गेला, असं सांग. आजाऱ्याच्या कानावर मरण घालू नये गो. रडायला तरी दम हाय कुठं त्याच्यात?"

खरंच होतं ते. रडायलाही छातीत वारा लागतो. शिवाय आपल्याकडे ही रीतच आहे. अंथरुणावरच्या माणसापासून अशी बातमी लपवतात, तो उठला की सांगतात. विनोदिनीने मान डोलावली. चंपाबाईने डोलावली. शेजारच्या खाटांवरच्यांनीही डोलावली. हैबतीने शुद्धीवर आल्यावर विचारलं, "दादा?" आणि सगळी गिरणी एका तोंडाने म्हणाली, "घरी!"

हैबतीने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तो तसाच पडून राहिला. ठोके द्या, पडून. वाफ द्या, पडून. बाटली तोंडाशी नेली तर ओठ मिटून घ्यायचा. छाती भरत चालली होती. डॉक्टर विनोदिनीला बाजूला घेऊन म्हणाले, "हा फुंकला नाही तर हातचा जाईल बरं."

राहीबाई रोज यायची, भाकरी आणायची, तिने चुरलेला तुकडा तो गिळायचा, एवढंच. एका दुपारी विनोदिनी कंटाळून तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "काय करू हो याचं? सनईवाला माणूस, आणि याला फुंकता येत नाही?"

"सनई चांगूची," राहीबाई म्हणाली. "ह्याचा सूर."

आणि तिने समजावून सांगितलं. सनईची जोडी असते. एक गाणं वाजवतो. दुसऱ्याच्या सनईतून एकच सूर निघतो, सलग, गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. गालात वारा भरून ठेवायचा, तो वारा नळीत सोडता सोडता नाकाने नवा घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. वाजवणारा सूर सोडून कुठेही हिंडून येतो, पण परत यायचं ते त्याच सुरावर. म्हणून वाजवणारा थांबल्याशिवाय सूरवाल्याने थांबायचं नाही, मग घोड्यावरून नवरा का पडेना! यांच्या बापाने दोघांना लहानपणी असंच गाल दुखेस्तोवर शिकवलं होतं.

विनोदिनीचा चेहरा उजळला. ती तशीच उठून हैबतीच्या खाटेपाशी गेली. "मग अडलंय कुठे रे? चांगू तिकडे सनई घेऊन बसलाय. त्याला सूर कोण देणार? धर ही नळी, आणि दे."

चांगुलपणाने म्हणाली हो. पेशंटला उभारी यावी म्हणून आपण सगळेच असलं काहीबाही बोलतो. राहीबाईचा हात मात्र भाकरीच्या फडक्यावर थांबला.

हैबती वळला. त्याने विनोदिनीकडे पाहिलं. मग नळी हातात घेतली. आधी दोन-चार बुडबुडे, खोकला, पुन्हा दोन-चार. मग त्याचे गाल फुगले आणि पाणी जे बुडबुडायला लागलं ते थांबेचना. आजूबाजूच्या खाटांवर माना वर झाल्या. कोणीतरी म्हणालं, "आयला, हैबती!" चंपाबाईने तर हातातला वाफेचा तांब्या खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून तो बदलला. दारापर्यंत चालू लागला, भाकरी मागून घेऊ लागला. रोज दुपारी धुकं आत आलं की हैबतीची बाटली सुरू व्हायची, आणि तिच्या नादाने बाकीच्यांचे श्वासही लांब व्हायचे. सगळे डोळे मिटून पडलेले, मध्ये ते सलग बुडबुडणारं पाणी. बंद गिरणी पुन्हा चालू झाल्यासारखं वाटायचं. डॉक्टरही खूश झाले. विनोदिनीने त्या आठवड्यात घरी पत्र टाकलं की माझं इथे छान चाललंय.

मग एकदा हैबतीला ठोके देता देता तिचा हात थबकला.

श्वास घेणं आणि सोडणं याच्या मध्ये बारीकसा विसावा असतो. तुमचाही असतो, माझाही असतो, झोपेतसुद्धा असतो. पाठीवर हात ठेवून दिवस काढलेल्या माणसाला तो तळव्याला कळतो. हैबतीच्या पाठीत विसावा नव्हता. नळी तोंडात नव्हती, तो पालथा पडलेला होता, तरी आतला वारा एका अंगाने येत होता आणि दुसऱ्या अंगाने जात होता, न थांबता. तिने वाकून पाहिलं. त्याचे गाल भरलेले होते.

"रात्रीपण असंच," चंपाबाई हळूच म्हणाली. "डोळं मिटतो, पण गाल चालूच. झोपत नाय तो, बाय. आणि बघा की, खातो एवढं, पण फासळ्या वर आल्यात."

विनोदिनी त्याच्यासमोर बसली. "हैबती, जरा थांब की रे. विसावा घे."

त्याने नुसती मान हलवली. मग घाईघाईने, एखादं जड भांडं क्षणभर खाली ठेवावं तसं, तो बोलला. "कसा थांबू? वाजवतोय ना तो..."

"कोण?"

"दादा. तुम्हीच बोललात ना, सूर दे म्हणून." त्याने गाल भरून घेतले, सोडले. "आधी ऐकू येत नव्हतं. लांब होता. वर घाटात. आता ओढ्याच्या पुलावर आलाय."

आणि त्याने बोट केलं ते कशेडीकडे.

विनोदिनीने त्या बोटाच्या दिशेने पाहिलं. याचं घर उमरठच्या बाजूला, पार उलट दिशेला. चांगू घाटात गेला हे याला कोणी सांगितलेलं नव्हतं. "अरे, घर तर इकडे आहे तुझं," ती म्हणाली.

"हां. म्हणून तर. वाट चुकलाय तो. सुरावर येतोय." त्याने नळी उचलली. "सूर तुटला तर हरवंल, बाय..."

शिकलेली मुलगी ती. तिने मनाशी म्हटलं, अशक्तपणा आहे, झोप नाही, भास होतात. डॉक्टरांना विचारून झोपेचं औषध देऊ. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पडवीत धुतलेल्या नळ्या दोरीवर टाकत होती. धुकं इतकं दाट होतं की दोरीचं दुसरं टोक दिसत नव्हतं. आत हैबतीची बाटली चालू होती. आणि धुक्यातून, रस्त्याच्या बाजूने, सनई ऐकू आली.

आधी तिला वाटलं, कुठे लग्न असेल. मग लक्षात आलं, पितृपंधरवडा चालू आहे. या दिवसांत सनईला कोण हात लावील?

चाल गोड होती, जुनी, लग्नात वरात दाराशी आल्यावर वाजवतात तसली. पण वाजवणाऱ्याला ती झेपत नव्हती. ओळ अर्ध्यात तुटायची, मध्ये ओली घरघर यायची, मग पुन्हा ओळ. विनोदिनी नळी हातात धरून ऐकत राहिली, आणि तिच्याही नकळत तिच्या मनात आलं की याची छाती भरलीय. डावीकडे, खाली. याला पालथं घालून ठोके द्यायला हवेत. हा विचार आपण कोणाबद्दल केला हे तिला उमगलं तेव्हा तिने नळ्या तिथेच टाकल्या.

पडवीच्या टोकाला राहीबाई बसली होती. तिचं तोंड रस्त्याकडे होतं.

"ऐकलंस ना तूपण?" तिने विचारलं. इतक्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर विनोदिनीने आनंद पहिल्यांदाच पाहिला. "चांगूच तो. वरच्या सुराला जरा थरथरतो, लहानपणापासनं."

"राहीबाई, हैबतीला खरं सांगायला हवं. आजच. तो झिजत चाललाय. असाच फुंकत राहिला तर संपेल तो."

"आजून थोडं गो. आता काय, त्या वडापाशी तर आलाय."

"अहो, जो वाचलाय तो तरी राखा!"

राहीबाईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. "मला दोन होते," ती म्हणाली.

विनोदिनी आत गेली. दिवस कलेपर्यंत ती या खाटेवरून त्या खाटेवर उगाच कामं काढत राहिली. हैबतीकडे बघवत नव्हतं. त्याचे डोळे आत गेले होते, हनुवटीवरून लाळ गळत होती, पण गाल भरत होते, रिकामे होत होते, पुन्हा भरत होते. आणि बाहेर ती चाल जवळ येत होती. आता गिरणीतल्या सगळ्यांनाच ती ऐकू येत होती. कोणी खोकतही नव्हतं. तिन्हीसांजा झाल्या. चंपाबाईने कंदील लावला आणि तो हातात धरून ती तशीच उभी राहिली.

विनोदिनीने ठरवलं. ती हैबतीच्या खाटेवर बसली. एक हात तिने त्याच्या पाठीवर ठेवला.

"हैबती, ऐक. आम्ही तुझ्याशी खोटं बोललो. चांगू घरी नाही रे. चांगू घाटातच गेला, ट्रकमध्ये, तुझ्या शेजारी. तू शुद्धीत नव्हतास."

बाटलीतलं पाणी बुडबुडत राहिलं. हैबतीचे डोळे मात्र भरले आणि वाहू लागले. नळी न सोडता त्याने डोळ्यांनीच दाराकडे खूण केली. *मग हा कोण?*

"मला नाही ठाऊक," विनोदिनी म्हणाली. तिलाही रडू फुटलं. "मला नाही ठाऊक रे बाबा. पण तू थांब. तुझ्यात आता वारा उरलेला नाही. माझं ऐक, सोड... सोड ती नळी..."

हैबतीने मान हलवली, नाही. त्याचे ओठ निळे पडायला लागले होते. सनई आता अंगणात होती. ओळ, घरघर. ओळ, घरघर. विनोदिनीने नळीला हात घातला, आणि त्याच क्षणी तिचं मनगट कोणीतरी घट्ट धरलं.

"नको गो," राहीबाई कुजबुजली. "दारापर्यंत आलाय. येऊ दे. मी त्याचं तोंड नाय बघितलं..."

"हा मरेल, राहीबाई!"

"एवढं गाणं संपू दे..."

विनोदिनीने मनगट हिसडून सोडवलं आणि नळी ओढली.

सूर तुटला. हैबती उशीवर कोसळला. एक लांब, फाटका श्वास त्याच्यात शिरला, मग थांबला. तिचा तळवा त्याच्या पाठीखालीच अडकला होता. थांबला... आणि सुटला. पुन्हा आत, विसावा, बाहेर. इतक्या दिवसांनी पहिला विसावा. तिला त्याच्या गळ्यात पडून ओरडावंसं वाटलं की जगला, हा जगला!

पण बाहेर सनई हरवली होती. चाल मोडली. एकच स्वर उरला, तो आधी दारापाशी आला, मग खिडकीपाशी, मग भिंतीच्या मागे. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाने भिंतीवर हात फिरवावा, तसा तो स्वर गिरणीभोवती फिरत होता. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर माना वळत होत्या. कोणीतरी पुटपुटलं, "दार लावा गो कोणीतरी..." पण दार लावायला त्याच्याजवळ जावं लागलं असतं. स्वर लांब गेला. पार मागच्या शेताकडे. बारीक झाला.

तेव्हा राहीबाई खाली बसली. तिने जमिनीवर पडलेली नळी उचलली, पदराने पुसली आणि तोंडात घातली.

म्हातारीने जन्मात कधी चुलीच्या फुंकणीपलीकडे काही फुंकलं नव्हतं. विनोदिनीने पाहिलं, तिचे बसलेले गाल फुगले. पाणी बुडबुडू लागलं. एक श्वास संपला, आता थांबेल, असं विनोदिनीला वाटलं. पाणी थांबलं नाही. राहीबाईच्या नाकपुड्या हलल्या आणि सूर तसाच पुढे चालत राहिला, सलग, हैबतीपेक्षाही सलग. ती विनोदिनीकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत भीती अशी कुठेच नव्हती.

मागच्या शेतातला स्वर थबकला. वळला. मग ती चाल पुन्हा जुळली, आणि यावेळी ती कुठे अडखळली नाही. कोपऱ्यावर. पडवीत. दारात. चंपाबाईने हातातला कंदील वर केला नाही. दाराकडे उजेड पडू नये म्हणून ती उलट पाठ करून उभी राहिली. कोंड्याच्या वासात ओल्या ताडपत्रीचा वास मिसळला. आत आली सनई. खाटांच्या मधून, धुकं यायचं त्याच वाटेने, संथ. विनोदिनीने डोळे घट्ट मिटले. तिच्या अगदी गुडघ्याशी चालीची शेवटची ओळ वाजली, नीट, पुरी, शेवटच्या वळणासकट. मग शांत झालं.

बाटलीतलं पाणी थांबलं.

"आलास?" राहीबाई म्हणाली.

सकाळी उन्हं चांगली पडली होती. हैबती गाढ झोपला होता, तोंड उघडं टाकून, घोरत. विनोदिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवून कितीदा तरी खात्री केली. छाती मोकळी होती, श्वास खोल होता. डॉक्टर आले, तपासून म्हणाले, "कमाल आहे तुमची!" चंपाबाई रात्रीबद्दल काही बोलायला तयार नव्हती, ती म्हणाली, कंदिलात तेल कमी होतं. खाटांवरचे लोकही म्हणाले, आम्हाला डोळा लागला होता. विनोदिनीलाही तेच बरं वाटलं. थकवा, धुकं, एकाचं बघून दुसऱ्याला झालेला भास. माणसाला जगायचं असतं हो, काहीतरी धरावंच लागतं.

राहीबाई घरी निघाली. झाडझूड करायची आहे म्हणाली. विनोदिनी तिला सोडायला पोलादपूरच्या स्टँडवर गेली. वाटेत म्हातारी रस्त्याच्या कडेकडेने चालत होती आणि मध्येच थांबून, कोणाला तरी गाठू द्यावं तशी उभी राहत होती.

बाजाराचा दिवस होता. उमरठची गाडी खच्चून भरली. राहीबाईला खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारची जागा मात्र रिकामीच होती, आणि माणसं टोपल्या, कोंबड्या घेऊन उभी होती. विनोदिनी खाली खिडकीशी उभी राहून ते पाहत होती. एक धिप्पाड गडी, रात्रीच्या गोष्टी ज्याला स्वप्नातही ठाऊक नसतील असा, खांद्यावरचं पोतं उतरवून त्या जागेवर बसायला वाकला. वाकला तसाच पुन्हा सरळ झाला.

"बसा, बसा," तो रिकाम्या जागेला म्हणाला, ओशाळून. "दिसलात नाय. तुम्ही बसा, दादा... काय धाप लागलीय तुम्हास्नी."

कंडक्टरने घंटी मारली. राहीबाईने खिडकीतून हात बाहेर काढून विनोदिनीचं मनगट धरलं. ती बोलली ते एका दमात बोलली, मध्ये कुठेच न थांबता, आणि विनोदिनीचे डोळे आपोआप तिच्या छातीकडे गेले. तिथे विसावा नव्हता.

"हैबतीला लवकर घरी धाड गो बाय, माझ्या एकटीच्या दमावर ह्याचं किती दिवस निभणार?"

गाडी उमरठच्या रस्त्याला लागली. सोमवारी हैबतीला घरी सोडायचं, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते.